शाळेपासून शंभर यार्ड: खर्रा, सुटी सिगारेट, व्हेप आणि राज्याची धोरणे

वैनगंगा (धागाकर्ती)

नमस्कार. मी पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळा तंबाखूमुक्त करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आणि त्याचाच भाग म्हणून शाळेच्या हद्दीपासून शंभर यार्डांवर रस्त्यावर पिवळी रेघ आखायची होती. आठवीची चार मुले, पन्नास मीटरची टेप आणि रंगाचा डबा घेऊन आम्ही निघालो. हे अंतर फाटकापासून रस्त्या-रस्त्याने मोजायचे नसून कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ मोजायचे असते, हे मला त्या दिवशी नियम वाचल्यावर कळले. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. रेघा आखून झाल्या तेव्हा त्यांच्या आत तीन पानठेले होते. रंग वाळण्याच्या आत त्यांतल्या एका ठेल्यापुढे आमच्याच शाळेतला सातवीचा मुलगा उभा राहिला आणि ठेलेवाल्याने सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून, लाकडी फळीवर घोटून, गाठ मारून खर्रा त्याच्या हातात ठेवला. मी हाक मारली तेव्हा तो जराही न घाबरता म्हणाला, "मॅडम, माझा नाही, बाबांचा आहे."

तो खरेच बोलत होता, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले. आमच्याकडे खर्रा आणायला मुलालाच पाठवतात, जसे दूध किंवा कोथिंबीर आणायला पाठवावे तसे. घरापर्यंत येताना पन्नीतला एक चिमूट तोंडात जातो आणि सवय लागते ती तिथे. २०१९ साली देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची जी जागतिक युवा तंबाखू पाहणी झाली, तिच्यात ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरताना आढळली. हा आकडा लहान वाटेल. पण बिनधुराचा तंबाखू खाणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी, म्हणजे ५२ टक्क्यांनी, तो वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच चाखलेला होता. याचा अर्थ आपण आठवी-नववीत जी व्याख्याने ठेवतो ती यांतल्या बहुतेकांसाठी उशिरा पोहोचतात.

आता कायदे पाहू. २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या, ज्याला आपण सगळे कोटपा म्हणतो, सहाव्या कलमाने १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेच्या शंभर यार्डांच्या आत तो कोणालाही विकण्यास मनाई आहे. माल कोणासाठी घेतला, हे तो कायदा विचारत नाही. बाबांसाठी नेणाऱ्या मुलाला विकणे हाही गुन्हाच आहे. अल्पवयीन मुलाला विक्रीस बसवणेही नियमांत बसत नाही. महाराष्ट्राने २०१२ च्या जुलैमध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू, खर्रा, मावा यांनाही तिच्यात घेतले. २०१८ मध्ये राज्याने कोटपात दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले. मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या हुक्का देणाऱ्या पबच्या आगीत १४ जणांचे जीव गेल्यानंतरची ती गोष्ट आहे. २०१९ मध्ये केंद्राने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळेच बंद केले. २०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला मनाई केली. शिवाय बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

एवढे सगळे कागदावर असताना तो मुलगा भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, रेघेच्या आत खर्रा कसा घेऊ शकला? माझे उत्तर असे आहे की आपल्याकडे तंबाखू विकायला स्वतंत्र परवाना लागत नाही, त्यामुळे कोण कुठे विकतो याची यादीच कुणाकडे नाही, आणि ज्याच्याकडे परवानाच नाही त्याचा परवाना रद्द होण्याची भीतीही नाही. सहाव्या कलमाचा दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. तो भरून ठेला दुसऱ्या मिनिटाला पुन्हा चालू राहतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून सुचवले होते की तंबाखू विक्रेत्यांना स्थानिक संस्थेची परवानगी घेणे सक्तीचे करावे आणि अशा दुकानांत चिप्स, चॉकलेट, बिस्किटे असे मुलांना ओढून आणणारे पदार्थ विकू देऊ नयेत. हिमाचल प्रदेशाने तर २०१६ सालीच सुट्या सिगारेटींवर बंदी आणि विक्रेत्यांची नोंदणी या दोन्हींसाठी एकच कायदा केला. आपल्या राज्याने हेच का करू नये, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

---

कृष्णाकाठचा दंतवैद्य

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी साताऱ्याकडचा दंतवैद्य आहे. आमच्याकडे तुमच्या खर्ऱ्याच्या जागी मावा आहे, एवढाच फरक.

माझ्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाला मी प्रथम त्याचीच तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगतो. निरोगी माणसाची तिन्ही बोटे सहज जातात. गेल्या महिन्यात एकोणीस वर्षांचा मुलगा आला, त्याचे दीड बोटही जाईना. गालाच्या आतली कातडी पांढरी पडून दोरीसारखी ताठ झालेली, तिखट लागताच डोळ्यांत पाणी. घास मोठा घेता येत नाही म्हणून आई भाकरी कुस्करून देते, असे तो म्हणाला. या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तो मुख्यतः सुपारीने होतो, एकदा झाला की पूर्ववत होत नाही, आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. हा मुलगा सहावीत असल्यापासून गोड सुपारीच्या पुड्या खात होता आणि दहावीत माव्यावर आला.

म्हणून माझे म्हणणे असे की परवान्याचा विचार करताना फक्त तंबाखू धरून चालणार नाही. कोटपा सुपारीबद्दल काहीच बोलत नाही. आपल्या राज्याच्या अन्न सुरक्षेखालच्या बंदीत सुगंधित सुपारी आहे, पण किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या बरणीशेजारी ती माळेसारखी लटकत असते आणि तिच्याकडे कोणी गुन्हा म्हणून पाहत नाही. मुलाच्या दृष्टीने तीच पहिली पायरी आहे.

आणखी एक. मशेरी. घरात आजी सकाळी तंबाखू भाजून मशेरी करते आणि दात दुखतोय म्हणणाऱ्या नातवाच्या हिरडीला बोटाने लावते. तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला ती लागू पडत नाही. तिथे कायद्याचा हात पोहोचणार नाही. तिथे आशाताई पोहोचू शकतात, आणि त्यांच्या प्रशिक्षणात हा विषय नेमकेपणाने यायला हवा.

---

निवृत्त अन्ननिरीक्षक

मी अन्न व औषध प्रशासनातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे अंमलबजावणीच्या बाजूने थोडे लिहितो.

गुटखाबंदीचा पाया तंबाखूचा कायदा नव्हे. तो अन्न सुरक्षेचा कायदा आहे. २०११ च्या नियमांनुसार कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येत नाही, आणि आयुक्तांना एखादा पदार्थ सार्वजनिक आरोग्यासाठी प्रतिबंधित करण्याचा जो अधिकार आहे तो एका वेळी एक वर्षापुरताच आहे. म्हणून हा आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये हा मार्ग पहिल्यांदा वापरला, आपण तीन महिन्यांनी. गोव्याने त्याही आधी, २००५ मध्ये, आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली गुटखा बंद केला होता.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. मी ठेल्यावर गेलो आणि तिथे सुगंधित तंबाखूचा डबा मिळाला, तर तो माझ्या अखत्यारीत. पंचनामा, नमुना, मोहोर, प्रयोगशाळा, सगळे करायचे. त्याच्याच शेजारी साध्या तंबाखूची पुडी असेल, तर ती अन्न नाही, म्हणून अन्न सुरक्षेखाली माझ्या अखत्यारीत नाही. ती शाळेजवळ विकली जात असेल तर कोटपाखाली पोलिसांनी पाहायचे. सुट्या सिगारेटीचा आदेश आरोग्य विभागाचा. शाळेच्या आवारात कोणी ओढत असेल तर दंड करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांनाही आहे. एकाच सहा फुटी ठेल्यावर चार खात्यांच्या चार हद्दी आहेत, आणि प्रत्येक खात्याला आपल्या वाट्याचे काम किरकोळ वाटते. एका जिल्ह्याला मिळणारे निरीक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांचा वेळ ट्रक आणि गोदामे यांत जातो, आणि तो जायलाही हवा, कारण माल तिथूनच येतो.

ताईंनी सुचवलेल्या परवान्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. परवाना नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने दिला, त्यात शंभर यार्डांची अट घातली, आणि अट मोडल्यास परवाना जातो असे ठरले, की मग गुन्हा सिद्ध करायला प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. परवाना नसलेला ठेला एवढेच पुरते.

---

मुठाकाठची आई

आपण सर्वजण ठेल्याबद्दल लिहीत आहात. माझा मुलगा कधी ठेल्यावर गेलाच नाही.

तो अकरावीत आहे. त्याच्या दप्तरात मला वह्यांवर खुणा करायच्या जाड पेनसारखी एक वस्तू मिळाली. गुलाबी रंगाची, एका टोकाला बारीक छिद्र, आणि टरबुजाचा इतका गोड वास की मी आधी ते खोडरबर समजले. मी टोपण शोधत राहिले. नंतर त्यानेच सांगितले की ती एकदा वापरून टाकायची व्हेप, म्हणजे ई-सिगारेट आहे, एका समाजमाध्यमावरच्या खात्याला निरोप पाठवला की दुचाकीवरून माणूस येऊन शिकवणीच्या खाली देऊन जातो, आणि त्याच्या गटातल्या बहुतेकांकडे आहे. त्यात तंबाखू नाही, फक्त वाफ आहे, असे तो प्रामाणिकपणे समजत होता. त्यात निकोटिन असते आणि वाढत्या मेंदूला त्याची सवय फार लवकर जडते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही, कारण ज्यावर देशात बंदी आहे ते माझ्या घरात येईल असे मला वाटलेच नव्हते.

मी ई-सिगारेटबंदीचा २०१९ चा कायदा वाचला. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. नुसते ओढणे हा त्यात गुन्हा नाही, आणि ते मला योग्य वाटते. पण महाविद्यालयात मी हे सांगायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला तो, मुलाला काढायचे का, असा. विकणाऱ्याचे नाव मी लिहून दिले होते, त्या कागदाचे पुढे काय झाले ते मला आजतागायत कळलेले नाही. मुलाला शिक्षा आणि विकणारा मोकळा, असे असेल तर पुढच्या वेळी कोणती आई सांगायला जाईल?

२०२३ मध्ये केंद्राने ई-सिगारेट विक्रीची तक्रार नोंदवण्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, ते मी वापरले. राज्यानेही सायबर पोलिसांकडे अशा खात्यांसाठी एक ठरलेला माणूस द्यावा, असे मला वाटते. मुलगा आता तंबाखूमुक्तीच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावरच्या समुपदेशकांशी मराठीतून बोलतो. पहिला आठवडा फार चिडचिडीचा गेला. झोप लागत नव्हती, पहाटे उठून पाणी पीत बसायचा. आता बरा आहे.

---

चार्ल्सकाठ

मी बारा वर्षे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि आमच्या गावच्या आरोग्य मंडळाच्या बैठकांना नागरिक म्हणून जातो. वैनगंगाताईंनी परवान्याचा जो मुद्दा मांडला आहे, तो इथे कसा चालतो ते सांगतो.

इथे दुकानदाराला तंबाखू विकायला गावच्या आरोग्य मंडळाचा परवाना लागतो. मंडळ वयाने लहान दिसणाऱ्या, खरोखरच अल्पवयीन असलेल्या मुलाला निरीक्षकाच्या देखरेखीखाली दुकानात पाठवते. मुलाने सिगारेट मागायची, वय विचारले तर खरे सांगायचे. दुकानदाराने दिली तर पहिल्याच वेळी हजार डॉलर दंड, आणि पुन्हा पुन्हा घडले तर परवाना काही दिवसांसाठी स्थगित. दंडापेक्षा त्या बंद दिवसांना दुकानदार अधिक भितात, कारण सिगारेट घ्यायला येणारा माणूस दूध, पाव आणि लॉटरीचे तिकीटही घेतो. १९९२ च्या सायनार दुरुस्तीपासून प्रत्येक राज्याला अशी अचानक तपासणी करावीच लागते, आणि मुलांना विक्री होण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले तर केंद्राच्या अनुदानाला कात्री लागू शकते. तपासणी होते, कारण तिच्याशी पैसा बांधलेला आहे.

दुसरी गोष्ट वयाची. बॉस्टनजवळच्या नीडहॅम गावाने २००५ मध्ये एकट्याने खरेदीचे वय २१ केले. शेजारची गावे १८ वरच होती, मुले तिकडे जाऊन आणतील असे सगळे म्हणत होते, पण पुढच्या काही वर्षांत नीडहॅमच्या विद्यार्थ्यांमधले धूम्रपान शेजारच्या गावांपेक्षा बरेच वेगाने उतरले. कारण साधे होते: पंधरा वर्षांच्या मुलाला सिगारेट आणून देणारा बहुधा त्याच्याच शाळेतला अठरा वर्षांचा मित्र असतो, एकवीस वर्षांचा नसतो. राज्याने हे २०१८ च्या अखेरीस स्वीकारले आणि सबंध देशाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये. आपल्याकडे कर्नाटकाने नुकतेच आपल्या दुरुस्तीने वय २१ केले आहे, म्हणजे सोलापूर-कोल्हापूरच्या सीमेपलीकडे आता नियम वेगळा आहे.

स्वादांचेही तसेच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांतली २७.५ टक्के मुले ई-सिगारेट ओढत होती. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने मेंथॉलसह सर्व स्वादांच्या तंबाखू उत्पादनांवर बंदीचा कायदा केला, असे करणारे हे पहिले राज्य. देशाचा तो आकडा २०२४ मध्ये ७.८ टक्क्यांवर आला. त्याचे सारे श्रेय एका उपायाला देता येणार नाही. मधल्या काळात शाळाही बंद होत्या. पण टरबूज आणि आंब्याचा वास कोणासाठी घातलेला असतो, याबद्दल इथल्या आरोग्य मंडळांत कोणाला शंका उरलेली नाही.

---

टपरीवाल्याचा मुलगा

नावावरून कळलेच असेल. माझ्या वडिलांची पानटपरी होती आणि सहावी ते बारावी मी संध्याकाळी तिथे बसलो. आज मी शिक्षक आहे, आणि ती टपरी नसती तर शिकलो नसतो. त्यामुळे इथे जे चालले आहे ते मला पटते, तरी एक भीती सांगितल्यावाचून राहवत नाही.

परवाना आला की तो देणारा आला आणि तपासणारा आला. वडिलांना दोनशेच्या दंडाची पावती क्वचित मिळाली. बिनपावतीचे किती गेले ते मला ठाऊक आहे, कारण गल्ल्यातून काढून मीच द्यायचो. नव्या परवान्याने तोच खर्च वाढणार असेल तर टपरीवाला तो भरून काढण्यासाठी आणखी विकेल. म्हणून परवान्याची यादी नगरपरिषदेच्या फलकावर उघड लागली पाहिजे, आणि शंभर यार्डांच्या आतल्या टपऱ्यांना हुसकावण्याऐवजी ठरावीक मुदतीत दुसरी जागा किंवा चहा-फळांचा धंदा करण्याची परवानगी मिळाली पाहिजे.

सुट्या सिगारेटीबद्दलही खरे सांगतो. मुले पाकीट कधीच घेत नाहीत, त्यांच्याकडे तेवढे पैसेच नसतात. एक घेतात, दोघांत ओढतात, टपरीच्या खांबाला बांधलेल्या लाइटरवर पेटवतात. पाकिटावरचे ८५ टक्के जागा व्यापणारे ते चित्र त्यांनी कधी नीट पाहिलेलेच नसते, कारण पाकीट माझ्याकडे असायचे. २०२० चा आदेश मनापासून राबवला, तर शाळकरी मुलांचे गिऱ्हाईक जवळजवळ संपेल, असे मी सात वर्षांच्या अनुभवावरून म्हणतो. आणि वय ओळखायचे म्हणाल, तर टपरीवाल्याला ते ओळखता येते. गावातल्या प्रत्येक मुलाचा बाप त्याच्या ओळखीचा असतो.

---

वैनगंगा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. दादा, तुमचा मुद्दा माझ्या मूळ लिखाणात नव्हता आणि तो असायला हवा होता. आमच्या तीन ठेल्यांपैकी एक विधवा बाई चालवतात. त्यांच्याशी मी काल पहिल्यांदाच बोलले. शाळेला दुपारच्या सुट्टीत फळे आणि शेंगदाण्याची चिक्की विकायला कोणी मिळाले तर मुख्याध्यापकांना हवेच आहे. रेघेच्या आत राहून फक्त तेच विकण्यास त्या तयार आहेत, पण पहिले दोन महिने विक्री होईल याची खात्री त्यांना हवी आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तो विषय घेतला आहे.

गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथचे काम चालू आहे, डॉ. अभय बंग यांची सर्च संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून सुरू केलेले. तिथे दारूबरोबर तंबाखूचाही विचार होतो आणि गावाने स्वतः ठराव करून विक्री थांबवण्यावर भर असतो. आमच्या जिल्ह्यात ते नाही, पण ठरावाचा मार्ग आम्हालाही मोकळा आहे. निरीक्षक साहेबांनी लिहिलेल्या चार हद्दींचा विचार करून मी नगरपरिषदेला द्यायच्या अर्जात तीन मागण्या लिहिल्या आहेत: तंबाखू आणि सुपारी यांच्या विक्रेत्यांची नोंद आणि तिची उघड यादी, शाळांभोवतीच्या शंभर यार्डांचा नकाशा नगररचना विभागाने अधिकृतपणे आखून देणे, आणि नोंदणीच्या अटींत, मुलाने बाबांसाठी मागितले तरी देऊ नये, हे वाक्य स्पष्ट मराठीत असणे. ते वाक्य प्रत्येक ठेल्यावर, कायद्याने जो फलक लावायलाच हवा त्याच्या खाली, मोठ्या अक्षरांत रंगवून द्यायला आमची आठवीची मुले तयार आहेत.

निरीक्षक साहेब, एक प्रश्न आहे. आमच्या शाळेच्या मागच्या बाजूचे मैदान शाळेच्या मालकीचे आहे, पण त्याला कुंपण नाही, फक्त सात-बाऱ्यावर हद्द आहे. अंतर मैदानाच्या हद्दीपासून मोजायचे की इमारतीच्या भिंतीपासून? मैदानापासून मोजले तर बसथांब्याजवळचे आणखी दोन ठेले आत येतात, आणि संध्याकाळी कबड्डी खेळून आलेली मुले थांबतात ती तिथेच.